पिवळ्या फॉलच्या चिंध्या

शनिवार, २९ मार्च. दुसऱ्या दिवशी पाडवा आणि घरात गुढीला काठी नाही... जळमटं काढताना नवऱ्याने, श्रीकांतने, ती मोडली होती. येताना बाजारातून नवी आणायची, एवढंच काम होतं.

भूतखेत, नजर, उतारा यातलं काहीही मी कधी मानलं नाही. सरकारी नोकरी करते, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहते. तरीही लिहितेय, कारण हे कुठे बसवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

बाजाराआधी आम्ही दोघं फरीदाबाद रस्त्याकडच्या अरवलीत फिरायला गेलो. श्रीकांतला मळलेली वाट आवडत नाही. झाडीतून सरळ टेकडीच्या माथ्यावर जायचं म्हणाला. त्याला डायबेटिस, इन्सुलिन घेतो. रस्ता चुकून चालणार नव्हतं. म्हणून मी साडीच्या जुन्या पिवळ्या फॉलच्या चिंध्या झुडपांना बांधत गेले. माझी गाठ सहसा सुटत नाही.

माथा लहानसा. समोर गुडगावचे टॉवर स्वच्छ दिसत होते. तिथे धौ होता, म्हणजे आपला धावडा. त्याचा एक सरळसोट फुटवा बघून श्रीकांतने चाकू काढला.

"राहू दे ना. ही देवाची बणी, आपल्या देवराईसारखी, गाववाले इथली काडीही तोडत नाहीत, तूच सांगितलंस!"

"आपण कुठे गाववाले, बाईसाहेब? देवाची काठी देवालाच तर देतोय."

काठी घेऊन निघालो. एकेक चिंधी दिसत गेली, आम्ही उतरत गेलो... आणि माथ्यावर पोचलो. त्याच धावड्यापाशी.

"चकवा लागला, यार," श्रीकांत हसला.

दुसऱ्यांदा एकही चिंधी दिसली नाही. पुन्हा उतार, पुन्हा माथा. फोनवरचा नकाशा आम्हाला रस्त्यावर दाखवत होता. आता श्रीकांत हसत नव्हता. त्याला घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर उतरत होती आणि बिस्किटं गाडीत. पिशवी जड होते म्हणून यानेच काढून ठेवलेली.

"बसतो जरा," तो म्हणाला.

"बसायचं नाही. चल!"

मी त्याला खांद्याचा आधार दिला, काठी त्याच्या हातातून घेतली आणि मोठ्यांदा म्हणाले, "कल सुबह लौटा दूँगी. इनको जाने दो." कुणाला म्हणाले, विचारू नका. हिंदीत का, तेही नका विचारू. घराबाहेर तीच तोंडात येते.

जरा खाली उतरलो तर समोर आमची गाडी. जाताना चढायला तासभर लागला होता.

बिस्किटं खाऊन श्रीकांत सावरला. घरी येऊन मी डिकी उघडली. काठीला वरपासून खालपर्यंत माझ्या चिंध्या बांधलेल्या होत्या. सगळ्या. माझ्याच गाठीने. उतरताना ती माझ्या हातात होती, तेव्हा कोरी होती — हे मी शपथेवर सांगेन. श्रीकांत म्हणतो, आपणच काढून बांधल्या असतील. कधी?

पाडव्याला उजाडताच एकटीच गेले, मळलेल्या वाटेने. काठी धावड्याला टेकवली. एक तरी चिंधी सोडून आणावी म्हणून बसले... गाठ सुटेना. तशीच ठेवली. घरी येऊन पडद्याचा रॉड काढला, पुसला आणि गुढी उभारली.