सिद्धता अडली होती तेव्हा

माझं लग्न झालं तेव्हा नवरा दक्षिणेतल्या एका संस्थेत गणितात पीएचडी करत होता. मी कल्याणजवळच्या कोन गावची, बी.कॉम. झालेली. लग्नानंतर भिवंडीत, कामतघरला सासरी राहून जवळच्या प्राथमिक शाळेत शिकवायला लागले. तो गणपतीला यायचा आणि मे महिन्यात यायचा. बाकी फोन. घराला लागूनच सासऱ्यांची शेड होती, पॉवरलूमवाल्याला भाड्याने दिलेली. त्या खटखटाटात फोनवरचं अर्धं ऐकू यायचं नाही, आणि जे यायचं ते जेवणाखाण्याचं. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणायचे, खोलीत 'तू'. फोन बैठकीत होता, त्यामुळे लग्नाची पहिली वर्षं बहुतेक 'अहो'तच गेली.

एका हिवाळ्यात तो न कळवता आला. नेहमीची बॅग नव्हती, ट्रंक होती. सासूबाईंना त्याने सांगितलं, "सुट्टी आहे." त्यांनी ट्रंकेकडे बघितलं आणि त्या पाणी आणायला आत गेल्या. मला त्याने खोलीत आल्यावर सांगितलं.

"माझी सिद्धता चुकलीय. मधे एक जागा रिकामी राहिलीय आणि ती मला भरता येत नाही."

"सरांना माहीत आहे?"

"त्यांनीच दाखवली. म्हणाले, काही दिवस घरी जाऊन ये."

मी त्याचे कपडे कपाटात लावत होते. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ट्रंकेत त्याने पावसाळ्यातला रेनकोटसुद्धा आणलाय, हे आधी माझ्या लक्षात आलं.

सुरुवातीला तो नुसता पडून असायचा. सासरे म्हणाले, हायवेला गोडाऊनचं काम चाललंय, तिथे येऊन बस. तो एक दिवस गेला, परत गेला नाही. तेव्हा भिवंडीत दुपारी तासन्‌तास लाइट जायची. लाइट गेली की लूम बंद पडायचे आणि अशी शांतता व्हायची की चार घरं पलीकडची भांडी ऐकू यायची. अशाच एका दुपारी, शाळेतून आल्यावर, मी त्याला विचारलं, "नक्की अडलंय काय?"

"तुला सांगून..." तो उठून बसला. मग म्हणाला, "सांगून बघतो. कुणाला तरी सांगायलाच हवंय."

त्याने मला अंगणात नेलं. झाडांना पाणी घालायचा पाइप पडला होता.

"ह्याच्या नुसत्या पृष्ठभागाला मिती किती?"

"एक लांबी," मी म्हणाले, "आणि एक ते गोल फिरून येतं ते."

"दोन. आता हा पाइप दोन्हीकडे कधीच संपत नाही असं समज, आणि खूप लांब जाऊन बघ. काय दिसेल?"

"रेघ."

"म्हणजे जवळून दोन मिती, लांबून एकच. आणि ही चादर?" दोरीवर चादर वाळत होती. "ही कधीच संपत नसेल तर कितीही लांबून बघ, दोन्ही मिती राहतात."

तो ज्या आकारांवर काम करत होता त्यांना मॅनिफोल्ड म्हणतात. जवळून ते आपल्या ओळखीच्या सरळ जागेसारखेच दिसतात. वेगळेपण असतं ते सगळं मिळून कसं जोडलंय त्यात. त्या जोडणीचा अभ्यास म्हणजे टोपॉलॉजी. त्याला दाखवायचं होतं की एका विशिष्ट प्रकारे वळलेला आकार पूर्ण उलगडला, तर लांबून बघताना त्याच्या निदान दोन मिती गळून पडतात. हे मी आज जितक्या सहज लिहितेय तितक्या सहज मला कळलं नव्हतं. ते कळायला बरेच आठवडे लागले.

"मग अडलं कुठे?"

"पाइप कापला की बांगडीसारखी कडी मिळतात ना, त्या कड्यांत. माझ्या आकाराच्या प्रत्येक कड्याला काही ना काही माप आहे, हे मी दाखवलंय. पण सगळ्यांना पुरेल असं एकच माप हवं. पुढे पुढे कडी मोठी होत गेली तर लांबून रेघ दिसणारच नाही. ते एक माप आहेच, असं मी धरून चाललो."

त्यानंतर रोज दुपारी, लाइट गेली की आम्ही बसायचो. मी शाळेतून खडूचे तुकडे आणायचे आणि तो आमच्या खोलीतल्या काळ्या फरशीवर लिहायचा. एक ओळ झाली की वर बघायचा. "कळलं?" मी नाही म्हटलं की पुसून दुसऱ्या तऱ्हेने सांगायचा. रागावला कधीच नाही. पुढची ओळ कोणती येणार हे मला कधी कधी आधी कळायचं. मी बोलून दाखवलं की तो खूश व्हायचा आणि त्या दिवशी संध्याकाळी आम्ही निजामपुऱ्यापर्यंत चालत जायचो. लग्नाआधी आम्ही असं कधी फिरलो नव्हतो. लग्नानंतरही नाही.

सकाळी सासूबाई ओलं फडकं घेऊन दारात उभ्या राहायच्या. "पुसू का न्हाय?" त्याला विचारल्याशिवाय त्यांनी एकदाही फरशी पुसली नाही. एकदा त्यांनी मला विचारलं, "काय सांगतो गो तो तुला येवढं?" मी पाइपाचं सांगितलं, कड्यांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आनि हे जमलं की तो परत जानार?"

"हो."

"जमू दे बाबा," त्या म्हणाल्या. "पोराचं तोंड बघवत न्हाय."

मीही हो म्हणाले. त्या दिवशी पोळ्या लाटताना मला स्वतःचीच भीती वाटली, कारण जमू नये असं मला वाटत होतं.

पावसाळा सरत आला तेव्हा एका दुपारी तो बाजारातून आला आणि चहा न घेता फरशीवर बसला. लूम चालू होते, त्याला पर्वा नव्हती. मी कप घेऊन समोर उभी राहिले. तो लिहीत गेला, खोलीच्या दारापर्यंत. वर बघितलं नाही, कळलं का विचारलं नाही.

"जमलं?" शेवटी मीच विचारलं.

"एक अट घातली तर जमतं. सगळ्या आकारांसाठी नाही, पण एका मोठ्या वर्गासाठी." त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. चहा गार झाला होता, तो मी परत गरम करून आणला.

परत जायला कल्याणहून त्याची गाडी होती. रिक्षा कोनवरून जात होती, माझं माहेर मागे पडलं, तेव्हा तो म्हणाला, "तुला आनंद नाही झाला."

"झाला ना."

"खरं सांग."

"तू अडकला होतास, ते मला बरं वाटत होतं," मी म्हणाले.

त्याने पायाशी सरकलेली ट्रंक नीट केली. मग म्हणाला, "मलाही शेवटी शेवटी बरं वाटायला लागलं होतं."

पुढे त्याला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, मी त्याच्याकडे राहायला गेले. आता आम्ही एका घरात राहतो आणि तक्रार करण्यासारखं काहीच नाही. तो भाजी आणतो, मुलीचा अभ्यास घेतो. मधे मी एकदा विचारलं, सध्या कशावर काम करतोस? त्याने सांगितलं, नीट, थोडक्यात, पाहुण्यांना सांगावं तसं. पूर्ण झाल्यावर "कळलं?" असं विचारलं नाही. मला कळलं नव्हतं.

रविवारी त्याच्याकडे एक विद्यार्थिनी येते. बाहेरच्या खोलीत दोघं बोलत बसतात. ती मधेच अडते, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो, न चिडता. मी तेवढ्यापुरता स्वयंपाकघरातला नळ बंद करते. एखादा शब्द ओळखीचा निघतो. मग ते पुढे जातात.