वहीतले सत्तर अंश

पिवळे सरांच्या बोटांची पेरं खरोखरच पिवळी असत. सेलूच्या आमच्या कॉलेजात नव्या मुलांना वाटायचं, सर घरी स्वयंपाक करत असतील, ती हळद असेल. ते कॅडमियम सल्फाइड होतं, आणि ते विषारी असतं. प्रयोगशाळेत रबरी हातमोज्यांचा धड जोड एकच होता. तो सर मला घालायला लावत. "माझं काय, माझं वय झालं," म्हणत. तेव्हा त्यांना पन्नासही पुरी झाली नव्हती.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मी त्यांच्याकडे प्रकल्प करत होते. काचेच्या पट्ट्या गरम द्रावणात उभ्या सोडायच्या, द्रावण सत्तर अंशांवर राखायचं आणि तासाभराने पिवळाधमक पातळ थर चढलेल्या पट्ट्या बाहेर काढायच्या. वाळलेल्या थराला सर मीटर जोडत आणि त्यावर तळहाताची सावली धरत. सावलीत वीज जवळजवळ थांबे, हात काढला की वाहू लागे. "पुरता धातू न्हाई आन् पुरती काचबी न्हाई," ते म्हणत. "अर्धवाहक. उजेड पडला तरच कामाला लागतो." शंभरदा पाहिलेलं असूनही दर वेळी ते वळून माझ्याकडे बघत, मला दिसलं ना म्हणून.

त्यांचा खरा ध्यास मात्र अणूंच्या बैठकीचा होता. बाजारातून लिंबं आणून ते टेबलावर रचून दाखवत. एक थर, त्याच्या खाचांत दुसरा. तिसरा थर पहिल्याच्या बरोबर वर आला तर रचना षटकोनी. त्याने वेगळ्या खाचा धरल्या तर घनाकार. "माल तोच हाय पोरी, बसायची रीत बदलली की गुण बदलतो." आमच्या थरांत दोन्ही रीतींची सरमिसळ निघे. भट्टीत न तापवता, साध्या द्रावणातूनच निव्वळ षटकोनी थर मिळवायचा, यावर त्यांचा पीएचडीचा प्रबंध कित्येक वर्षं अडला होता.

मे महिन्यातल्या एका दुपारी सर परीक्षेच्या कामाला गेले आणि द्रावण माझ्यावर सोपवून गेले. तेवढ्यात गावाकडून, झरीहून, आईचा फोन आला. मला बघायला पाहुणे येणार होते. बोलत बोलत मी खाली कडुलिंबाच्या झाडापर्यंत गेले, भांडले, रडले. परत आले तेव्हा तापमान अठ्ठ्याऐंशीवर गेलं होतं, द्रावणातला अमोनिया उडाला होता. घाबरून मी अंदाजाने थोडा अमोनिया ओतला, आच कमी केली आणि वहीत लिहिलं, 'सत्तर अंश, स्थिर.'

रचना तपासायला पाठवलेल्या पट्ट्यांचा क्ष-किरण आलेख विद्यापीठातून आला. त्या दिवशीची पट्टी निव्वळ षटकोनी निघाली होती. सरांनी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना पेढे दिले. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आधी मला त्यांच्या रागाची भीती होती, आता त्यांच्या आनंदाची वाटू लागली.

सरांनी प्रबंध सादर केला, तेव्हा परीक्षकांनी प्रयोग पुन्हा करून दाखवायला सांगितलं. तो जमला नाही. सरांनी काच बदलली, पाणी बदललं, रसायनांच्या नव्या बाटल्या मागवल्या. तापमान मात्र बदललं नाही. "ते तपासायचं काम न्हाई, वही तुझ्या हातची हाय," म्हणाले. पुढे स्टाफरूममध्ये कुणीतरी बोललं, पट्टी बाहेरून आणली असेल. ते सरांच्या कानावर गेलं. त्यांनी वाद घातला नाही. प्रबंध मागे घेतला.

मी पुण्याला नोकरीला लागले. दर मे महिन्यात त्यांचा फोन यायचा. "त्या दिवशी खिडकी उघडी व्हती का गं? पंखा चालू व्हता का?" मी सांगायचे, खिडकी उघडी होती, पंखा बंद होता. ते लिहून घेत असावेत. मग म्हणायचे, "बरं बरं, तू तब्येतीला जप." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ जागची हलत नसे. आणि तरीही पुढच्या वर्षी पुन्हा तेवढंच सांगत असे.

गेल्या साली दुपारी जेवून ते आडवे झाले ते उठलेच नाहीत. बातमी कळल्यावर मी पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत द्रावण अठ्ठ्याऐंशी अंशांवर नेलं, अमोनिया उडू दिला, मग पुन्हा ओतला. तिसरी पट्टी षटकोनी आली. तो आलेख घेऊन मी सेलूला सरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, काकू, एकट्याच होत्या. मी सगळं सांगितलं, झाडाखालच्या फोनपासून.

काकूंनी कागद दोन्ही हातांनी धरला. त्यावरच्या रेघा त्यांना कळत नव्हत्या.

"रिटायर झाल्यावरबी रोज म्हणायचे, माझंच कायतरी चुकायलंय," त्या म्हणाल्या.

"सरांचं काही चुकलं नव्हतं, काकू. ती पट्टी खरी होती."

"ती खरी व्हती हे मला ठावच व्हतं. तुला ठाव व्हतं, हे ठाव नव्हतं."

त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्या हातात परत दिली आणि चहा ठेवते म्हणून आत गेल्या. आतून कितीतरी वेळ भांड्याचा आवाज आला नाही.