दर दसऱ्याला रंगाचा एक हात

जुईनगरचे हौसेतात्या मूळचे साताऱ्याकडचे. एपीएमसी मार्केटात तीस वर्षं कांद्याच्या गोणी वाहिल्या आणि उतारवयात एक जुनी लाल गाडी घेतली. पूर्वी दसऱ्याला गोणी उचलायच्या लोखंडी आकड्याची पूजा व्हायची, आता गाडीची व्हायला लागली. पूजा म्हणजे नुसता झेंडूचा हार नव्हे हो! गडी गाडीखाली उताणा झोपून तिच्या तळाला लाल ऑइलपेंटचा हात मारायचा. अठरा दसरे, अठरा हात.

आणि त्याच लाडकीचा पेट्रोलचा काटा दोन वर्षं शून्यावर बसलेला. टाकी भरा नाहीतर रिकामी ठेवा, बाबा हलायचा नाही. तात्या अंदाजानं पेट्रोल भरायचे. एकदा अंदाज हुकला आणि पाम बीच रोडवर भर उन्हात बायकोला, राहीबाईंना, नव्या पैठणीत गाडी ढकलावी लागली. तेव्हापासून बाईंनी गाडीत पाऊल टाकलं नव्हतं.

शेवटी मुलगा यशराज म्हणाला, "तात्या, बास झालं. रविवारी भंगारवाला येतोय."

तात्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. शनिवारी सकाळीच त्यांनी कळंबोलीत ट्रकचं वायरिंग करणाऱ्या गोटीरामला गाठलं. गोटीराम गाडीखाली शिरला. टाकीची वायर सोडवून त्यानं पत्र्याला टेकवली आणि ओरडला, "तात्या, काटा हलला का?"

"न्हाई रं!" तात्या सीटवरून म्हणाले.

मग खालून पत्रा खरवडल्याचा आवाज आला. "आता?"

"हलला! आरं, पार वर गेला की!"

गोटीराम हसत बाहेर आला. "मीटर ठणठणीत हाय. टाकीची अर्थिंग तुमच्या रंगाखाली गाडली गेलीया. करंट जाणार कुठनं?"

"म्हंजे मीच...?"

"मग दुसरं कोण? लाड करता करता तिचं तोंडच दाबलं की तुमी."

तात्यांचे डोळे भरून आले. अर्थिंगच्या बोल्टाखालचा राहिलेला रंग त्यांनी स्वतः खरवडला. गोटीरामनं वायर परत जोडली, आणि काटा अर्ध्यावर येऊन थांबला.

तात्या घरी आल्यावर राहीबाईंनी गाडीच्या खिडकीतून काटा पाहिला. "अर्धी टाकी म्हणतोय. खरं का?"

"खरं गं. खोटेपणा त्याचा नव्हता, माझा होता."

यशराजनं मुकाट्यानं भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. बाई मात्र काही गाडीत बसल्या नाहीत.

दसरा आला. तात्यांनी सवयीनं रंगाचा डबा उघडला, तसा राहीबाईंनी हातातला ब्रश काढून घेतला. "अवो, तिला जरा श्वास घेऊ द्या की!" म्हणाल्या. मग गाडीला हळदकुंकू लावलं, तीच पैठणी सावरली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.