कॉपीतला आवाज

कॉपी करायची तर दोन व्हीसीआर लागायचे. एक आमचा, दुसरा वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. भाड्याने आणलेली कॅसेट दुसऱ्या दिवशी परत करावी लागे, आणि आमच्या सदाशिव पेठी स्वभावाला आलेली वस्तू अशी हातची जाऊ देणं जमत नसे. काकूंची मुलगी स्वतः मशीन उचलून आणून द्यायची. पंचविशीची, लग्नाची, मला वहिनी म्हणणारी.

त्या रविवारी आवाजाची वायर तुटलेली निघाली. आमच्या ह्यांनी टेपरेकॉर्डरचा माइक व्हीसीआरला जोडला, टीव्हीसमोर ठेवला आणि सिनेमा संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, असं फर्मान काढलं. मी कुकरसुद्धा लावला नाही. मग पडद्यावर लांबलचक शांत प्रसंग आला आणि ह्यांनीच विचारलं, "वरच्या मुलीचं कुठे जमलं का गं?"

"त्या चेहऱ्याला कोण होकार देणार? सोबत व्हीसीआर दिला तरी कठीण आहे," मी म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसले.

सिनेमा नुकताच पाहिलेला, त्यामुळे कॉपी आम्ही लावून बघितलीच नाही. पुढे काकूंनी ती मागितली, तेव्हा मी ऐटीत काढून दिली.

दुसऱ्या दिवशी मुलगी कॅसेट परत करायला आली.

"कॉपी बरी आलीय ना?" मी विचारलं.

"चित्र जरा हलतं. आवाज स्वच्छ आहे." ती दारातच उभी होती. "व्हीसीआर दिला तरी कठीण, हेसुद्धा नीट ऐकू येतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की घरात एकटी असले तरी माझी मान खाली जाते. बोलल्याची लाज वाटतेच, पण हसल्याची जास्त वाटते. बोलणं एखादे वेळी तोंडून निसटतं. हसले मात्र मी मनापासून होते.

मी घाईघाईने चपला शोधू लागले. वर जाऊन काकूंचे पाय धरावेत, एवढंच डोक्यात होतं.

"वर येऊ नका, वहिनी," ती म्हणाली. "आईला कमी ऐकू येतं. तिला वाटलंय, सिनेमातलीच कुणी बाई बोलतेय. तुम्ही माफी मागितलीत तर तिला कळेल."

माफी तिची मागायला हवी होती, हे मला सुचलं तेव्हा ती जिना चढून गेली होती.