तिच्या गाडीचा नवा कॉम्प्युटर

गाडी बायकोची होती. तिनेच पसंत केली, तिनेच चालवली; मी शेजारी बसणारा. ती गेल्यावर बरेच महिने गाडी अमरावतीच्या घरासमोर झाकून उभी होती. पुढे मी गाडीतून बँकेत कामावर जायला लागलो, तेही बॅटरी उतरू नये म्हणून.

मग एका उन्हाळ्यात ती चालता चालता बंद पडायला लागली. तापली की बंद, थंड झाली की चालू. बडनेरा रोडवरच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दोन-तीनदा तपासून सांगितलं, "इंजिनचा कॉम्प्युटर गेला. हे मॉडेलच बंद झालं सर, आता कॉम्प्युटर येत नाही. भंगारात देऊन टाका."

मी चावी घेतली. बाहेर पडताना तिथलाच एक जण म्हणाला, की अकोल्याला एक माणूस आहे, रेसच्या गाड्यांना बाहेरचे कॉम्प्युटर बसवतो. दुसऱ्या आठवड्यात गाडी ट्रॉलीवर घालून मी अकोल्याला नेली.

तो माणूस साधारण माझ्याच वयाचा, फार न बोलणारा. त्याने बॉनेट उघडून वायरिंग पाहिलं आणि म्हणाला, "होते. पण समजून घ्या. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं भरलेलं असते. किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं. हा नवा येतो तो कोरा. याच्यात आपल्याला भरावं लागते."

"कोण भरणार?"

"सुरुवातीचं मी भरतो. बाकीचं गाडी रस्त्यावर चालवून चालवून. तेव्हा दोघं लागतात. एक जण चालवेल, एक जण लॅपटॉप पाहील. मले कोइमतूरले जायचं आहे, तिथं महिनाभर काम आहे. घरचं कोणी घ्या सोबत."

मी मान हलवली. घरी कोणी नाही, हे मला त्याला सांगता आलं नाही.

जुना कॉम्प्युटर निघाला तेव्हा त्याच्या आतल्या सर्किटच्या पट्टीवर हिरवी बुरशी चढलेली होती. नव्याच्या वायरी जोडल्या, सायलेन्सरच्या पाइपात एक सेन्सर बसवला. धुरात हवा किती आणि पेट्रोल किती, ते तो सेन्सर सांगणार होता आणि लॅपटॉपवर त्याचा आकडा दिसणार होता. गाडी खोकली, थरथरली, कच्च्या पेट्रोलचा वास सुटला, आणि मग ती हळूहळू एका सुरात चालायला लागली. मी खिशातून फोन काढला. कोणाला सांगायचं ते आठवेना, म्हणून परत ठेवला.

गाडी घरी आणल्यावर, थंड इंजिन चालू होण्यासाठीचे आकडे भरण्याचं काम मला एकट्याला जमण्यासारखं होतं. त्यात एक अडचण अशी, की इंजिन रात्रभर थंड झाल्याशिवाय ते करता येत नाही. सकाळी एकदा चावी फिरवायची; चालू होऊन बंद पडली की पेट्रोलचा आकडा थोडा वाढवायचा आणि मग दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची. मला ते आवडायला लागलं. उठायला काहीतरी कारण झालं होतं. फाटकाबाहेरून फिरायला जाणारे लोक मांडीवर लॅपटॉप घेऊन गाडीत बसलेल्या माझ्याकडे बघत जायचे. एकाने विचारलं, "ऑफिस गाडीतच काय साहेब?" मी हसलो. त्या दिवशी बँकेबाहेर कोणाशी झालेलं बोलणं तेवढंच.

रस्त्यावरचं काम मात्र अडून राहिलं. बँकेतला एक सहकारी रविवारी येतो म्हणाला. त्या रविवारी त्याच्याकडे पाहुणे आले, पुढच्या रविवारी त्याने फोन उचलला नाही. त्याचा राग नाही आला. मी यादी करायला बसलो असतो, तरी दुसरं नाव सुचलं नसतं. सुचलं ते एकदम, भाजी चिरताना. अकोल्याला सासूबाई होत्या.

वर्षश्राद्धानंतर मी त्यांच्याकडे गेलो नव्हतो. भांडण नव्हतं. आम्ही दोघं समोरासमोर बसलो की जी नाही तीच मध्ये येऊन बसायची, आणि दोघंही गप्प व्हायचो. फोनवर मी अडखळत विचारलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मले नुस्ते आकडे वाचाचे हायेत ना? मंग या. चष्मा हाये मायाकडे."

रविवारी मी गाडी हळू चालवत अकोल्याला पोचलो, तेव्हा त्या इस्त्रीचं लुगडं नेसून दारातच उभ्या होत्या. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि समजावलं. आरामात चाललो की आकडा साडेचौदाच्या आसपास राहील. गाडीला जोर दिला की बारा-तेरावर यायला हवा. जोरात असताना पंधराच्या वर गेला, तर मला लगेच ओरडून सांगायचं. इंजिनाला धोका असतो.

"हवा जास्त, पेट्रोल कमी," त्या म्हणाल्या.

"बरोबर."

बाळापूर रोडला लागलो. दोन्हीकडे कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. त्या शाळेतल्या पाढ्यांसारख्या एका लयीत वाचत होत्या, "चौदा. साडेचौदा. चौदा. तेरा." मी बरंच अंतर नुसता ऐकत गेलो. शेजारून कोणाचा तरी आवाज येत होता आणि मी गाडी चालवत होतो.

पुढे एका ट्रकला मागे टाकायला मी पाय दाबला. "चौदा, पंधरा, सोळा... सोडा! सोडा म्हन्लं ना जवाईबापू!" मी पाय काढला. गाडी बाभळीखाली उभी केली. मी लॅपटॉप घेऊन तक्त्यातल्या त्या वेगाच्या चौकोनांत पेट्रोलचे आकडे वाढवत होतो. त्या काचेतून समोर बघत होत्या.

"ती लय जोरात चालवे," त्या म्हणाल्या. "मले एकडाव तेल्हाऱ्याले घेऊन गेली, लग्नाले. मी सारा रस्ता डोये मिटून बसली. तुमाले भेव नाही वाटे काय?"

"वाटायचं."

"मंग तिले सांगाचं ना."

"सांगितलं असतं तर अजून जोरात चालवली असती."

त्या हसल्या. मग पदराने चष्मा पुसत राहिल्या, बराच वेळ. दोन वर्षांत आम्ही तिच्याबद्दल बोललो ते हे पहिलंच. मी आकडे बरोबर भरतोय की नाही हे मला दिसेना, म्हणून थोडा थांबलो.

असे पावसाळाभर बरेच रविवार गेले. त्या डब्यात भाकरी आणि ठेचा घ्यायच्या. कधी बाळापूरला चहा प्यायचो आणि परत फिरायचो. हळूहळू गाडी सुधारली. एसी लावला तरी बंद पडेना, ट्रकला मागे टाकताना आकडा बारावर येऊन थांबायला लागला. एका रविवारी सगळा रस्ता एकही बदल करावा लागला नाही. "झालं म्हणा आता," त्या लॅपटॉप मिटत म्हणाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. गाडी झाली म्हणजे अकोल्याला यायचं कारणही संपलं, एवढंच डोक्यात होतं.

मी त्यांना अमरावतीला राहायला या म्हटलं. त्या सरळ नाही म्हणाल्या. "जवायाच्या घरी मी काय करू? अन् मले पोरगा हाये." हिवाळ्यात त्यांचे गुडघे फारच दुखायला लागले, आणि नागपूरच्या मुलाने त्यांना बोलावून घेतलं. मीच पोचवतो म्हणालो.

वाटेत अमरावती लागते. त्या म्हणाल्या, "घर पाहू द्या." लेकीला नेलं त्या दिवसानंतर त्या या घरात आल्या नव्हत्या. आत येऊन त्यांनी हातपाय धुतले, फोटोसमोर क्षणभर उभ्या राहिल्या, सगळ्या खोल्यांतून हळूहळू फिरल्या. मी चहा ठेवला. चहा पिऊन कप खाली ठेवताना म्हणाल्या, "पडदे बदलजा. लय मयले झाले."

नागपूरपर्यंत त्या झोपल्या. मी त्यांना सोडलं, वर सामान नेऊन दिलं, मेव्हण्याने जेवायचा आग्रह केला तो मोडून निघालो. परतताना रस्ता मोकळा होता आणि गाडी इतकी गुळगुळीत चालत होती, की तिचा आवाजही येईना. मी रेडिओ लावला, थोड्या वेळाने बंद केला.

पडदे अजून तेच आहेत. दुकानात एकदा गेलो होतो. कोणता रंग, असं विचारल्यावर मला सांगता आलं नाही.