पीएफ तेवढा काढून द्या!

आमच्या टाइम ऑफिसात हजेरीपेक्षा किस्सेच जास्त जमा होतात. अंबरनाथ एमआयडीसीतली पंप बनवणारी कंपनी. खिडकीच्या आत मी, बाहेर माझ्या वडिलांच्या वयाची माणसं. बी.कॉम. होऊन इथे लागले तेव्हा वाटलं होतं, लोक रजेचं विचारतील, पगाराचं विचारतील. छे! सगळ्यांचा प्रश्न एकच. "मॅडम, पीएफ निघेल का?"

म्हातारपणासाठी कापलेला पैसा म्हातारपणीच काढायचा असतो, एवढं बोलले की असे बघतात, जसं काही मी त्यांच्या ताटातली भाकरीच उचलली!

यात आमचे पप्पाही आलेच. ते याच कंपनीत फिटर. रिटायरमेंट तोंडावर. माझ्या भावाचं, रोहितचं, लग्न ठरलंय आणि मुलीच्या वडिलांची अट एकच: मुलाचा स्वतःचा फ्लॅट हवा. पप्पांनी बदलापूरला शिरगावात टू-बीएचके बघून ठेवलाय. डाउन पेमेंट? पप्पांचा सगळा पीएफ! "माझ्या हातून हा क्लेम होणार नाही," असं मी घरात सांगून टाकलंय. तेव्हापासून पप्पा माझ्याशी आईमार्फत बोलतात.

*

पेंटिंगमधले मोरे काका. आजारपणासाठी पीएफ काढता येतो, हे त्यांना कोणीतरी सांगितलं.

"कोण आजारी आहे, काका?"

"सध्या कोणी नाही. आईचं नाव टाका."

"आईंना काय झालंय?"

"ती मागच्या वर्षीच गेली. तिला आता काय फरक पडतो?"

मी फॉर्म परत बाहेर सरकवला. काका मात्र थंड. वर मलाच समजावतात, "बरं, मग सासू चालेल का? ती आहे अजून!"

*

बारवी धरणाकडच्या गावातले भोईर दादा. मुलीच्या लग्नासाठी पैसे काढले. नियमात बसत होतं, मी काय बोलणार? नंतर कळलं, लग्न राहिलं बाजूला, सगळा पैसा हळदीला गेला. डीजे, बँजो, अख्ख्या गावाला मटण! लग्नासाठी मग वेगळं कर्ज.

मी भडकले. "दादा, म्हातारपणी खाणार काय?"

दादा छाती फुगवून म्हणाले, "मॅडम, मानसा मरंस्तवर ती हलद इसरनार नाय!"

*

सगळ्यात जालीम युक्ती म्हणजे नोकरी सोडायची, काही महिने घरी बसायचं, पीएफ पूर्ण काढायचा आणि मग परत लागायचं. ही अक्कल चहाच्या टपरीवर फुकट मिळते! वेल्डिंगच्या गायकवाड मामांनी ती घेतली. पेन्शनसाठी दहा वर्षं नोकरी भरावी लागते, त्यांची जेमतेम एक वर्ष कमी होती. मी त्यांच्या मागे गेटपर्यंत धावले.

"मामा, एक वर्ष थांबा हो!"

"पेन्शन कोणी बघितलीये? तू लहान आहेस अजून."

पीएफ काढला, पेन्शनचे पैसेही काढले, दारात गाडी उभी केली. वर्षभराने गाडी विकून मामा परत आले, पण आता कॉन्ट्रॅक्टवर. नवीन कामगार म्हणून त्यांना ट्रेनिंगला बसवलं. शिकवायला कोण? ज्याला मामांनी वेल्डिंग शिकवलं, तोच! "डोळ्यासमोर काच धरल्याशिवाय स्पार्क मारायचा नाही," तो मामांना सांगत होता.

मला तर बघवेना. बाहेर आल्यावर मामा हसत म्हणाले, "ऐकलंस? शब्दन् शब्द माझा आहे!"

*

स्टोअरच्या पवार साहेबांना मात्र एका परक्या माणसाने वाचवलं. उल्हासनगरला जीन्स शिवायचा धंदा टाकायचा, त्यात पीएफ घालायचा, असं त्यांचं ठरलं होतं. पार्टनरशिप मागायला ते तिथल्याच पाच नंबर कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या सिंधी व्यापाऱ्याकडे गेले. त्याने चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"साईं, अपना बुढ़ापा मेरे धंधे में मत डालो. मैंने खुद का भी नहीं डाला!"

*

आणि गेल्या शनिवारी ऑफिसात माझ्याच मोबाईलवर पीएफचा ओटीपी आला. पप्पांच्या खात्याला नंबर माझा दिलाय, कारण ते सारखे सिम बदलतात. म्हणजे क्लेम पप्पांचा! बघते तर पप्पा रजेवर. तेवढ्यात त्यांचाच फोन.

"बाळा," किती दिवसांनी थेट माझ्याशी! "एक नंबर आलाय का गं? सांग पटकन. सायबरवाला थांबलाय."

"कुठे आहात तुम्ही?"

"बदलापूरला, बेलवलीत. रोहितचे सासरेपण आहेत सोबत."

"नाही सांगणार! रिटायर झाल्यावर तुम्ही आणि आई काय करणार?"

"तू मला अक्कल शिकवू नकोस. पोरगा सांभाळेल आम्हाला!"

"पप्पा, हे वाक्य मी रोज खिडकीत ऐकते!"

तिकडे फोन दुसऱ्या हातात गेला. रोहितचे सासरे होते.

"ताई, जय भीम. द्या ना तो नंबर. फ्लॅट चांगला दोन बेडरूमचा आहे. आमच्या मोठ्या मुलाच्या घरासाठी मी माझा सगळा पीएफ काढून दिला. आता तो म्हणतो, दुसरीकडे बघा. मग म्हातारपणी आम्हा दोघांना एक बेडरूम नको का?"

पप्पांनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. मग पप्पांचा आवाज आला, अगदी हळू.

"बाळा, तो नंबर कोणालाच सांगू नकोस. मलासुद्धा!"