सहा टनांचे मामा

अख्ख्या कुवेतमध्ये सहा टन वजन ओढायची जय्यत तयारी ठेवून आयुष्यात एक किलोही न ओढलेला माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा मूळचे नाशिकचे, इथे तेलकंपनीत पंपांचे इंजिनिअर, राहायला फिंतासला. त्यांच्याकडे एक दांडगी डिझेल पिकअप होती. उभी राहिली की दोन गाड्यांची जागा खायची, आणि तीत चढायला मामींना स्टूल लागायचं. दर शुक्रवारी मामा शुवैखच्या गॅरेजात. आधी गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर बसला, मग जाड प्रोपेलर शाफ्ट आला, मग मागच्या अ‍ॅक्सलचे गिअर बदलले, कारण जुन्या रेशोने म्हणे चढावर ओढताना तिला दम लागला असता. मिस्त्रीने एकदा अदबीने विचारलं, "साब, खींचना क्या है?" मामा म्हणाले, "अभी कुछ नहीं." प्रत्यक्षात त्या गाडीने वाहिल्या त्या खबूसच्या रोट्या आणि कोथिंबीर.

किनाऱ्यावर कोणी ट्रेलरवरून बोट नेताना दिसला की मामा थबकत आणि नुसत्या नजरेने वजन सांगत. साडेतीन टन, आपली हसत हसत नेईल. एकदा वाळवंटातल्या सहलीत एका मित्राची गाडी वाळूत रुतली तेव्हा मामांना पर्वणीच आली. पण ओढायचा पट्टा नेमका हवा, म्हणून त्यांनी गाडीचं वजन, वाळूचा विरोध आणि चढ असा हिशेब कागदावर मांडायला घेतला, आणि तो पुरा होईतो आम्ही चौघांनी ती गाडी ढकलून काढली. मामा दोन दिवस आमच्याशी धड बोलले नाहीत.

मग निवृत्ती आली. तिकिटं निघाली आणि गाडी विकायला हातात आठच दिवस राहिले. गिऱ्हाइकं येत, पण मामांचा पहिला प्रश्न ठरलेला, ओढणार काय? एकाला ती मॉलला न्यायची होती, दुसऱ्याला फोटोपुरती हवी होती. दोघांनाही मामांनी चहा पाजून वाटेला लावलं. गाडीसाठी स्थळ बघताय का, म्हणून मामी चिडल्या. मामा शांतपणे हो म्हणाले.

सहाव्या दिवशी एक म्हातारा कुवेती आला. त्याने बॉनेट उघडलं नाही की रेशो विचारला नाही. मामांच्या प्रश्नावर मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला, "पानी. मेरा ऊंट के वास्ते." आम्ही पिकअप आणि माझी गाडी घेऊन वाळवंटातल्या त्याच्या तळावर गेलो. ट्रेलरवर पाण्याने भरलेली टाकी होती. मामांनी ती स्वतःच्या हाताने हुकाला लावली. म्हातारा चालवायला बसला, मामा त्याच्या शेजारी, मी मागे. गाडी क्षणभर दबली, इंजिनाचा आवाज खोल गेला आणि टाकी वाळूचा चढ चढू लागली. मामा डॅशबोर्डवर तळवा टेकून ऐकत राहिले. एवढं वजन मागे असताना त्यांनी आकडा काही सांगितला नाही. व्यवहार तिथेच ठरला आणि किल्ली म्हाताऱ्याकडेच राहिली.

परतताना मामा माझ्या छोट्या गाडीत गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. थट्टा करायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण जीभ रेटली नाही. ते म्हणाले, "जावईबापू, किती मजेत ओढत होती हो ती. मी उगीच इतकी वर्षं जपून ठेवली."

दोन दिवसांनी मामा कायमचे नाशिकला जाणार होते. मला एकदम फार वाईट वाटलं. फिंतास लवकर येऊ नये म्हणून मी गाडी हळू केली.